तेवीस टक्क्यांचा फरक

काडीने चौथ्यांदा खोक्यावरून खाली उडी मारली आणि पडद्यावर पुन्हा तेवीसच आले.

खोकं गुडघ्याएवढं उंच होतं. त्याच्यासमोर जमिनीत दोन पोलादी प्लेटा बसवलेल्या होत्या, एकेका पायासाठी एकेक. वरून उतरणारा माणूस जमिनीला जेवढ्या जोराने दाबतो तेवढ्याच जोराने जमीन त्याला उलट ढकलते, आणि तो जोर प्लेट मोजते. दोन्ही पाय सारखं काम करत असले तर पडद्यावरच्या दोन रेघा एकमेकींवर बसतात. काडीच्या बसत नव्हत्या. उजव्या पायाची रेघ सरळ वर चढायची, डाव्याची तिच्या खांद्याशी पोचून थांबायची.

"पुन्हा करू?" काडीने विचारलं.

"नको," मॅडम म्हणाल्या. "चार वेळा तेच आलंय. पाचव्यांदा काही वेगळं येणार नाही."

मॅडम त्या क्रीडा केंद्रात एकोणीस वर्षं हेच करत होत्या. खेळाडूंच्या घोट्यांवर, गुडघ्यांवर, खुब्यांवर छोटे पांढरे ठिपके चिकटवायचे, त्यांना पळवायचं, उड्या मारायला लावायचं, कॅमेऱ्यात टिपायचं आणि मग चित्र एकेक पाऊल पुढे सरकवत कोन मोजत बसायचं. खेळाडू त्यांना समोर मॅडम म्हणत आणि पाठीमागे फूटपट्टी. हे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या वर्षी राग आला होता. आता तेवढी ताकद उरली नव्हती.

काडी लांब उडी मारायची. वय सव्वीस, अंगावर मांस म्हणून नाही, त्यावरूनच सगळे तिला काडी म्हणत, पाय मात्र असे की नुसते उभे असले तरी निघायच्या बेतात वाटत. अकरा महिन्यांपूर्वी उडी घ्यायच्या फळीवर पाय पडता पडता तिचा डावा गुडघा आत वळला होता आणि हाडं बांधून ठेवणारी आतली दोरी तुटली होती. ऑपरेशन झालं, कुबड्या झाल्या, व्यायाम झाले. बारा दिवसांनी निवड चाचणी होती आणि तिच्यात उतरायला मोजमापाच्या खोलीची सही लागायची. दोन पायांतला फरक दहा टक्क्यांच्या आत असला तरच सही, असा नियम होता. तो संचालकांना मॅडमनीच लिहून दिला होता.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग डावा पाय भार का घेत नाही?"

काडीने मोज्याची कड वर ओढली. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण तिने दाराकडे पाहिलं. दारात तिचे प्रशिक्षक उभे होते. सगळे त्यांना नुसतं सर म्हणत.

"घेईल हो मॅडम," सर म्हणाले. "बारा दिवस आहेत."

"बारा दिवसांत तेवीसाचे दहा होत नाहीत, सर. फळीवर पाय टेकतो तेव्हा त्याच्यावर तिच्या वजनाच्या सात-आठ पट जोर येतो. आणि एका सेकंदाच्या आठव्या भागात सगळं संपतं. गुडघा तेवढ्यात डळमळला तर पुन्हा तीच दोरी. मी सही करणार नाही."

"तुम्ही नुसता आकडा बघताय."

"माझं काम तेच आहे."

काडीने बूट हातात घेतले आणि अनवाणीच निघून गेली. मॅडमनी पडदा बंद केला, कागदावर 'मर्यादेबाहेर' लिहिलं आणि घड्याळ पाहिलं. पावणेचार. शेजारच्या मावशी चारला उठून आपल्या घरी जात, त्याच्या आत पोचायला हवं होतं.

घरी बाबा होते. वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू अर्धी गेली. तेव्हापासून मॅडमचा दिवस चारला तुटायचा. त्याआधी त्या संध्याकाळी मैदानावर जायच्या. वाळूच्या खड्ड्याशी पाय पसरून बसायच्या, प्रशिक्षकांशी वाद घालायच्या, काळोख पडू लागला की परतायच्या. आता खेळाडू त्यांना फक्त खोलीत, खोक्यावर आणि प्लेटेवर दिसत. मैदानाची सवय मोडली ती मोडलीच. दादा, म्हणजे थोरला भाऊ, दूरच्या शहरात होता. रविवारी फोन करून "तू आहेस म्हणून बरं" म्हणायचा. त्या वाक्याचा मॅडमना आताशा वीट आला होता.

बाबा तरुणपणी गोदामात पोती उचलायचे. शरीर अजून थोराड होतं. त्यांना खुर्चीतून उठवताना मॅडमच्या कमरेचा काटा ढिला व्हायचा. एका हुकमी पद्धतीने उठवावं असं फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं आणि ती पद्धत मॅडमना कुणी सांगायची गरजही नव्हती. आधी पाय मागे घ्यायचे, मग पुढे झुकायचं. शरीराचा सगळा भार ज्या एका बिंदूत आहे असं धरतात, तो गुरुत्वमध्य पावलांच्या वर आणायचा आणि मगच उठायचं. आणि दोन्ही पायांवर सारखा भार.

"बाबा, नाक बोटांच्या पुढे. अजून पुढे. डावा पाय दाबा."

"दाबतोय."

"नाही दाबत. मला दिसतंय."

"मग तुला दिसतंय तर मला कशाला विचारतेस?"

त्या दिवशी त्या चहा टाकायला आत गेल्या आणि परत येऊन पाहतात तर बाबा खिडकीशी उभे. एकटे. उजवा पाय खुर्चीच्या पायाला टेकवून, उजव्या हाताने चौकट धरून, सगळं अंग एका बाजूला कलंडवून ते उठले होते. डावा पाय नुसता सोबतीला होता.

"बाबा! असं नाही उठायचं. पडाल, खुबा मोडेल, मग मी काय करू?"

"सत्तावीस वर्षं पोती उचलली मी," बाबा खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "एकदा उजव्या खांद्याला जखम झाली तर तीन महिने डाव्यावर उचलली. पोत्याला काय कळतंय कुठला खांदा?"

"हा खांदा नाहीये."

"उभा राहिलो ना?"

मॅडमनी त्यांना धरून पुन्हा खुर्चीत बसवलं आणि नियमाप्रमाणे, दोन्ही पायांवर भार घेत, तीनदा उठवलं. चहा गार झाला. दोघांनी तो तसाच प्यायला.

तीन दिवसांनी केंद्रात कळलं की संचालकांनी मॅडमची सही नसताना काडीला चाचणीत उतरायची परवानगी दिली. 'प्रशिक्षकाच्या जबाबदारीवर' असा शेरा मारून. संचालकांना चार महिन्यांत निवृत्त व्हायचं होतं आणि त्यांना कुणाशीच भांडायचं नव्हतं. मॅडम त्यांच्या खोलीत गेल्या.

"मग नियम कशाला केला आपण?"

"अहो, नियम आहेच की," संचालक म्हणाले. "तुमचा कागदही फायलीत लावलाय. उद्या काही झालं तर तुमच्यावर नाही येणार."

"माझ्यावर यायचा प्रश्न नाहीये. तिच्या गुडघ्यावर येईल."

संचालकांनी दोन्ही हात टेबलावर उलटे ठेवले. मॅडम बाहेर आल्या. भांडायचं म्हटलं तर अजून दोन मुद्दे होते, पण जिना उतरेपर्यंत ते विरघळून गेले.

चाचणीच्या दिवशी चित्रीकरण त्यांच्याकडेच होतं. शेजारच्या मावशींना जास्त वेळ थांबायला सांगून त्या सकाळी मैदानावर पोचल्या. फळीच्या बाजूला, बारा पावलांवर कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं आणि त्यामागे बसल्या. वर्षभरात इथे पाय ठेवला नव्हता. वाळूचा खड्डा नव्या फळ्यांनी बांधलेला होता, हेही त्यांना माहीत नव्हतं.

काडीचा नंबर पाचवा. ती धावपट्टीच्या टोकाला उभी राहिली, दोनदा डुलली आणि निघाली. डोळा कॅमेऱ्यातून न काढता त्या मनात पावलं मोजत होत्या आणि डाव्या पायाची वाट बघत होत्या. त्या पायाला, त्या सेकंदाच्या आठव्या भागाला त्या बारा दिवस घाबरत होत्या.

फळीवर उजवा पाय पडला.

आधी त्यांना वाटलं, पावलं चुकली. काडी वाळूत उतरली, पुढे झुकली, उठून अंग झाडलं. चुकलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. दुसऱ्या उडीलाही उजवा. तिसऱ्यालाही. मॅडमचे हात कॅमेऱ्यावर होते, पण बघणं थांबलं होतं. अकरा महिन्यांत ह्या पोरीने पाय बदलला होता. लहानपणापासून ज्या पायाने उडत आली तो बाजूला ठेवून दुसऱ्यावर उभी राहिली होती, आणि तो बदल ह्या दोघांनी मोजमापाच्या खोलीला कळू दिला नव्हता.

काडीची सगळ्यात लांब उडी सहा मीटर चार सेंटिमीटरची झाली. पूर्वी ती सहा चाळीस मारायची. नंबर चौथा आला आणि निवड दोघींचीच होणार होती. गुडघा शाबूत होता.

सगळे पांगल्यावर काडी पायऱ्यांवर गुडघ्याला बर्फ बांधून बसली होती. मॅडम तिच्या एक पायरी खाली बसल्या. उभं राहून बोलायचं त्राण नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मी विचारलं. डावा पाय भार का घेत नाही, म्हणून."

"ते डाव्याबद्दल होतं," काडी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "आणि सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? तुम्ही प्रशिक्षकांच्या वर्गात शिकवलं होतं ना, की उडीचा पाय अठराव्या वर्षापर्यंत ठरतो, त्यानंतर बदलायला जाणं म्हणजे वेडेपणा? सरांच्या वहीत अजून आहे ते. तुमच्या शब्दांत."

मॅडमना तो वर्ग आठवला. तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. फळ्यावर बाण काढून त्या छातीठोक बोलायच्या.

"त्या दिवशी मी सांगणारच होते, पण सर दारात उभे होते," काडी पुढे म्हणाली. "मग वाटलं, मॅडम संध्याकाळी मैदानावर आल्या असत्या तर त्यांनाच दिसलं असतं. रोज इथेच तर करत होतो. लपून नाही."

"माझे वडील आजारी आहेत."

"ते मला नव्हतं माहीत."

"मीही कुणाला सांगितलं नाही."

खाली कामगार फळीवरची वाळू झाडत होता.

"सहा चार," काडी म्हणाली. "एवढं करून सहा चार. सरांना काही सापडत नाहीये. वेग तोच आहे. पाय बरोबर पडतो. पण उडीच लागत नाही, मॅडम. वर जातच नाही मी. नुसती पळत पळत वाळूत शिरते."

मॅडम घरी गेल्या, बाबांना जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत येऊन चित्रण लावलं. काडीच्या सहाही उड्या त्यांनी एकेक चित्र सरकवत पाहिल्या. डोळे चुरचुरायला लागले तरी फळीपाशी काही सापडेना. उजवा पाय नीट ताठ होता, टाच नीट पडत होती. मग कंटाळून त्यांनी चित्र उलटं फिरवलं आणि एक पाऊल आधी थांबवलं.

तिथे डावा पाय होता.

दुपारी त्यांनी काडीला आणि सरांना खोलीत बोलावलं.

"एकदा पायाने फळी सोडली की हवेत कुणाचं काही चालत नाही," मॅडम म्हणाल्या. "हात फिरवा, पाय झाडा, गुरुत्वमध्याची वाट ठरलेली असते. ती ठरते फळीवर. बरोबर?"

"हे माहीतच आहे," सर म्हणाले.

"पण वर जायचं तर आधी खाली बसावं लागतं. फळीच्या आधीच्या पावलाला कंबर थोडी खाली यायला हवी. म्हणजे फळीवर तिला वर चढायला जागा मिळते. त्या पावलाला कुठला गुडघा वाकायचा? आधी तू डाव्याने उडायचीस, तेव्हा उजवा वाकायचा. आता पाय बदललास, म्हणजे वाकायचं काम डाव्यावर आलं." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आणि तो वाकत नाहीये. भार आला की काठीसारखा ताठ राहतो. कंबर खाली येतच नाही. ते तेवीस टक्के गेले कुठे असं मी सकाळपासून शोधत होते. ते इथे बसलेत. एक पाऊल आधी."

काडी पडद्याजवळ गेली. आपल्याच गुडघ्याकडे ती अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती.

"म्हणजे तुमचा आकडा बरोबर होता," सर म्हणाले.

"आकडा बरोबर होता. तो कशाचा आहे ते मला कळलं नव्हतं." मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. "आणि तुम्हालाही नाही. तुम्ही मला सांगितलं असतंत तर हे चाचणीच्या आधी सापडलं असतं. मी येऊन बघितलं असतं तरीही. जाऊ द्या."

"जाऊ द्या," सर म्हणाले, आणि बऱ्याच वर्षांनी त्या खोलीत खाली बसले.

त्यानंतरचं सगळं संथ होतं. शेजारच्या मावशी आठवड्यातून दोन दिवस सहापर्यंत थांबायला तयार झाल्या. एका रविवारी दादाने "तू आहेस म्हणून बरं" म्हटल्यावर मॅडमनी पहिल्यांदाच उत्तर दिलं: "मी आहे, पण पुरत नाही. महिन्यातला एक आठवडा तू येऊन राहा." मग तो आला. बाबांशी भांडला, वैतागला, पण पुढच्या महिन्यातही आला.

मॅडम मैदानावर बसू लागल्या. काडी छोट्या धावेने यायची, बुटक्या अडथळ्यांवरून जायची, डावा गुडघा वाकवून भार घ्यायची, पुन्हा पुन्हा. भीती गुडघ्यात नव्हती, डोक्यात होती, आणि डोक्यावर ठिपके चिकटवता येत नाहीत. एखाद्या दिवशी ती रडायची. एखाद्या दिवशी मॅडमना बसल्या जागी डुलकी लागायची आणि सर मोठ्याने खाकरायचे. तेवीसाचे वीस झाले, मग सतरा. चौदावर येऊन आकडा अडला तो हललाच नाही.

पुढच्या वर्षी चाचणीआधी काडी पुन्हा खोक्यावरून चार वेळा उतरली. चौदा, चौदा, पंधरा, चौदा. मॅडमनी कागद ओढला. 'मर्यादेबाहेर' लिहिलं. मग चौकटीच्या बाहेर, समासात, बारीक अक्षरात लिहिलं की उडीचा पाय बदललेला आहे, डावा गुडघा कोणत्या पावलाला किती वाकतो ते आठ महिने मोजलं आहे, आणि माझ्या मते हिला उतरू द्यावं. खाली सही केली. नव्या संचालकांनी कागद परत पाठवला: दहाच्या वर असताना सही कशी? मॅडमनी आठ महिन्यांचे आकडे जोडून तोच कागद पुन्हा वर पाठवला. दुसऱ्या खेपेला तो परत आला नाही.

चाचणीत काडी सहा तेवीस उडाली. दुसरी आली, निवड झाली. मोठ्या स्पर्धेत मात्र ती अकरावी आली आणि अंतिम फेरीला मुकली. सहा चाळीस तिच्या पायात पुन्हा कधी आलं नाही. पण ती आणखी चार हंगाम खेळली आणि गुडघा टिकला. डाव्याच पायाने उडत राहिली असती तर काय झालं असतं, हे मॅडमना कधी कळलं नाही. जी दुखापत झालीच नाही ती कुठल्या प्लेटेवर मोजायची?

ज्या चाचणीत काडीची निवड झाली ती दुसऱ्या गावात होती; तिथून परतताना बस दोन तास चालली. सर पुढे चालकाशी बोलत होते. काडी मधल्या रांगेत तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती आणि डावा पाय लांब करून तिने वाटेत टाकला होता. उतरणारे एकेक जण बॅगा छातीशी धरून, काही न बोलता, त्या पायावरून पलीकडे जात होते. मॅडम पलीकडच्या बाकावर जाग्या होत्या. केंद्र जवळ आलं तेव्हा त्यांनी काडीच्या खांद्याला हात लावला. ती उठली नाही. बस वळून थांबेपर्यंत आणखी दोन मिनिटं होती, म्हणून मॅडमनी हात काढून घेतला आणि तिला झोपू दिलं.